‘आमाला कवा दाखवनार?’

तुमच्यापैकी कितीजणांनी कोळीवाड्यावर डॉक्युमेंटरी केलीये? खरं सांगा. मास मीडिया करताय, फिल्म-टेलिव्हिजन प्रॉडक्शन करताय आणि कॉलेज चर्चगेट, गिरगाव, दादर या पट्ट्यात आहे, तर एकदा तरी केलेली असणारच. तिची रेसिपीही ठरलेली असते. पहाटेचा धूसर समुद्र, दोरखंडाचा क्लोजअप, टोपलीतल्या मासळीवर टिल्ट डाऊन, म्हाताऱ्या हातांवर सुरकुत्या, मागे कोळीगीत. शेवटी मावळतीला एकटी होडी आणि जड आवाजातला व्हॉइसओव्हर : ‘विकासाच्या लाटेत हरवत चाललेला हा समाज...’ फेड आऊट. टाळ्या. सबमिशन झालं.

आमचीही अशीच होती. दोन वर्षांपूर्वी, पाचव्या सेमिस्टरला, आम्ही पाचजण कॉलेजचा कॅमेरा घेऊन कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेलो होतो. कॅप्टन प्रकाश पेठे मार्गावरून आत वळलं की मागे मेकर टॉवर्स, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि पुढे एकमेकांना टेकलेली घरं, जाळी, बोटी. एकाच फ्रेममध्ये टॉवर आणि होडी! तो शॉट घेतला तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, आपली फिल्म मिळाली.

तीन दिवस शूट केलं. तिसऱ्या दिवशी ट्रायपॉड आवरत असताना एका मावशीने विचारलं, ‘‘येवरा शूटिंग केलाव, आमाला कवा दाखवनार गो?’’ आम्ही पाचही जण एका सुरात म्हणालो, ‘‘दाखवू ना मावशी, एडिट झालं की लगेच!’’

एडिट झालं. सबमिशन झालं. व्हायवा झाला. मार्क आले, चांगले आले. एका इंटरकॉलेज फेस्टमध्ये दुसरं बक्षीसही मिळालं. मच्छीमार नगरात मात्र आमच्यापैकी कोणीही परत गेलं नाही.

आज या पानावर मांडायचाय तो मुद्दा एवढाच. आपल्या कॉलेजांमध्ये फिल्म ‘पूर्ण’ कधी होते, याची व्याख्या चुकलेली आहे. एक्स्पोर्ट मारला की फिल्म पूर्ण होत नाही, मार्क मिळाले की तर अजिबात नाही. ज्यांच्यावर ती आहे त्यांनी ती बघितली की ती पूर्ण होते. आणि हे आपल्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही, कारण आपण किती चांगले आहोत ते मी वर सांगितलंच. हे अभ्यासक्रमात यायला हवं, मार्कांसकट.

जुलैमधलं कडक ऊन

गेल्या काही दिवसांत मला पुन्हा मच्छीमार नगरात जायचा योग आला. मेट्रो ३ आता कफ परेडपर्यंत धावायला लागली आहे, तर आजूबाजूच्या वस्त्यांचं काय म्हणणं आहे ते बघून ये, असं सांगून डेस्कने मला पाठवलं. स्टेशनमधून वर आले, वाट ओळखीची होती. मावशी तिथेच होत्या. त्यांनी मला ओळखलं, हे मला जास्त लागलं. ‘‘तू ती कॅमेरेवाली ना?’’

फिल्म यूट्यूबवर होती. मी तिथेच ओट्यावर बसून मोबाइलवर लावली. बघता बघता सात-आठजणी जमल्या. पहिल्या मिनिटालाच एकीला हसू फुटलं. व्हॉइसओव्हर चालू होता : ‘एकेकाळी गजबजलेला हा किनारा आज सुनासुना आहे, होड्या ओस पडल्या आहेत...’

‘‘अगो, बंदी होती तवा!’’

आता हे नीट समजून घ्या, कारण तुम्हीही ही चूक करू शकता. महाराष्ट्रात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांच्या प्रजननाचा तो काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. बोटी ओढून किनाऱ्यावर घेतात, झाकून ठेवतात, डागडुजी करतात, जाळी दुरुस्त करतात. आम्ही शूट केलं होतं जुलैमध्ये, कारण सेमिस्टर तेव्हा सुरू होतं. दरवर्षीची सुट्टी आम्ही ‘एका संस्कृतीचा अस्त’ म्हणून विकली होती. पाच विद्यार्थी, एक गाइड, एक एक्स्टर्नल, फेस्टचे तीन परीक्षक. एकालाही कळलं नाही.

पुढचा किस्सा तर आणखी भारी. आम्हाला वाळत घातलेले बोंबील हवे होते. कोळीवाडा आणि बोंबील नाहीत, असं कसं चालेल? पण भर पावसात बोंबील कोण वाळत घालणार? मग आमच्या एडिटरने कुठूनतरी वर्सोव्याचे ड्रोन शॉट्स आणून चिकटवले. परिणाम असा, की एका शॉटमध्ये मावशी छत्री घेऊन उभ्या आहेत आणि पुढच्याच शॉटमध्ये रखरखीत ऊन. कलर ग्रेडिंग मात्र दोन्हींचं मस्त जुळवलं होतं. ओट्यावरच्या बायकांना ते एका सेकंदात कळलं. ‘‘ह्यो आमचा किनारा न्हायच!’’

इथवर सगळे हसत होते, मीही. मग जाळं विणणाऱ्या हातांचा शॉट आला.

ते हात मावशींच्या सासऱ्यांचे. सगळे त्यांना बाबा म्हणायचे. बाबांनी आम्हाला अर्धा तास समजावून सांगितलं होतं, कुठल्या मासळीला किती डोळ्याचं जाळं लागतं, फाटलेलं कुठून धरायचं, गाठ कशी मारायची. आम्ही त्यातून अकरा सेकंदांचे हात घेतले आणि त्यावर बासरी टाकली. बोलणं ‘स्लो’ वाटत होतं म्हणून.

बाबा गेल्या वर्षी वारले. मावशींनी विचारलं, ‘‘बाबांचा आवाज हाय का यात?’’

नव्हता. बासरी होती.

रॉ फुटेज कुठे आहे, हे मी घरी येऊन शोधायला लागले. कॉलेजच्या मेमरी कार्डवर होतं, पुढच्या ग्रुपला द्यायचं म्हणून तेव्हाच फॉरमॅट केलेलं. एडिट लॅबच्या मशीनवर होतं, सेमिस्टर संपल्यावर जागा हवी म्हणून उडवलेलं. एका मित्राच्या हार्ड डिस्कवर होतं, ती पडली. चूक कॉलेजची नाही, कोणीच आम्हाला ‘डिलीट करा’ असं सांगितलं नव्हतं. ‘ठेवा’ असंही कोणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्याही डोक्यात आलं नाही की जे आमच्यासाठी ‘अनयूज्ड’ आहे, ते कोणासाठी तरी एकमेव असू शकतं.

शिकवतात काय, राहतं काय

मी कोर्सला नावं ठेवायला बसलेली नाही. उलट आपण नशीबवान पिढी आहोत. आधी फिल्म शिकायची म्हणजे पुण्याची एफटीआयआय, १९६० मध्ये सुरू झालेली, प्रभात स्टुडिओच्या आवारातली, किंवा मग थेट कोणाच्या तरी हाताखाली थर्ड असिस्टंट. आज मुंबई विद्यापीठात आधीचं बीएमएम, आताचं बीएएमएमसी आहे, फिल्म, टेलिव्हिजन आणि न्यू मीडिया प्रॉडक्शनचं वेगळं बीए आहे. नॉन-मॅट्रिक्युलेट मुलांच्या जगापासून बोर्डरूमपर्यंत कुठेही कॅमेरा घेऊन जायची मुभा वयाच्या अठराव्या वर्षी मिळते. वन-एटी डिग्रीचा नियम, थ्री-पॉइंट लायटिंग, जे-कट, एल-कट, फॉलीपासून मास्टरिंगपर्यंत सगळं शिकवतात. माणसाकडून गोष्ट ‘घ्यायची’ कशी, हे तीन वर्षं शिकवतात. ती परत ‘द्यायची’ कशी, यावर एक लेक्चरही नसतं.

‘विद्यार्थ्यांची फिल्म तर आहे, बघतंय कोण?’ असं म्हणू नका. २०२४ मध्ये कान महोत्सवात जगभरातल्या फिल्म स्कूलच्या स्पर्धेत, ‘ला सिनेफ’मध्ये, पहिला नंबर आला तो एफटीआयआयच्या चिदानंद नाईकच्या फिल्मचा. तो तिथे एका वर्षाचा टेलिव्हिजनचा कोर्स करत होता. कॉलेजात शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या शॉर्ट फिल्मने नागराज मंजुळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला, आणि ते तेव्हा अहमदनगरच्या कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज करत होते, एखाद्या मोठ्या फिल्म स्कूलमध्ये नव्हते. म्हणजे विद्यार्थ्याची फिल्म ही वहीतली प्रॅक्टिस नाही. ती बाहेर जाते, राहते, सर्च केली की सापडते. मच्छीमार नगर टाइप केलं की उद्या आमची चुकीची फिल्म वर येणार आणि पुढच्या बॅचचा कोणीतरी तिलाच ‘रिसर्च’ म्हणून वापरणार.

मंजुळेंचं उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. त्यांना जे दाखवायचं होतं ते त्यांनी जगलेलं, जवळून बघितलेलं होतं. आपल्यापैकी बहुतेकांचं तसं नसतं. आपण बोरिवलीहून, डोंबिवलीहून लोकल पकडून येतो आणि तीन दिवसांत कोणाच्या तरी आयुष्याचा निकाल लावतो. जगलेलं नसेल तर विचारावं लागतं. आणि विचारायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे केलेलं काम त्यांच्यासमोर ठेवणं.

पाणघोड्याला ऐकू येतं

हे काही मी शोधून काढलेलं नाही. डॉक्युमेंटरीच्या इतिहासात हे आधीच होऊन गेलंय, फक्त आपल्या नोट्समध्ये त्याची एक ओळ असते.

झाँ रूश हे नाव ‘सिनेमा व्हेरिते’च्या खाली पाठ केलं असेल. हा फ्रेंच माणूस १९५० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीवरच्या सोर्को मच्छीमारांबरोबर होता. भाल्याने पाणघोड्याची शिकार कशी करतात, यावर त्याने फिल्म केली. शिकारीचा प्रसंग रंगावा म्हणून त्याने त्यावर तिथलंच पारंपरिक शिकारीचं संगीत टाकलं. मग प्रोजेक्टर घेऊन तो त्याच गावात परत गेला, चादरीवर फिल्म लावली. शिकारी म्हणाले, हे संगीत काढ. का? तर पाणघोड्याचे कान तिखट असतात, पाण्याखालीसुद्धा त्याला ऐकू येतं. शिकारीच्या वेळी वाजवलंत तर तो पळून जाईल. रूशने संगीत काढलं, आणि तेव्हापासून फिल्मवर संगीत टाकण्याच्या सवयीकडेच तो संशयाने बघायला लागला.

आता आमची बासरी आठवा. आम्ही परत गेलो असतो तर तिथल्या एखाद्या पोरानेही सांगितलं असतं, बाबा बोलतायत तिथे बासरी कशाला?

दुसरं उदाहरण तर कोळीवाड्याच्या अगदी जवळचं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ फोगो नावाचं बेट आहे. वस्ती मच्छीमारांची. १९६७ च्या सुमारास मासेमारीचं गणित बिघडलं होतं आणि बेटावरच्या लोकांना तिथून उठवून दुसरीकडे वसवण्याचा सरकारचा विचार होता. नॅशनल फिल्म बोर्डचा दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेला, बरोबर न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीचा विस्तार विभाग होता. युनिव्हर्सिटी, हे लक्षात ठेवा. त्याने एक मोठी भव्य डॉक्युमेंटरी केली नाही. २७ छोट्या छोट्या फिल्म केल्या. ज्याची मुलाखत त्याला आधी दाखवायची, त्याला नको असेल तो भाग काढायचा, मग गावोगावच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवायची. एकाच बेटावरची पण वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांशी फारसं न बोलणारी माणसं पडद्यावर एकमेकांचं ऐकायला लागली. सगळ्यांचं दुखणं एकच आहे, हे त्यांना तिथे कळलं. नंतर त्याच फिल्म लोकांच्या परवानगीने मंत्र्यांना दाखवल्या. लोक बेटावरच राहिले, त्यांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली. श्रेय एकट्या फिल्मचं नाही, लोकांचं आहे. पण फिल्म त्यांच्यापर्यंत परत गेली नसती तर ती त्यांच्या हाती लागलीच नसती.

आणि मुंबईतलं उदाहरण हवंय? आनंद पटवर्धनांची १९८५ ची ‘हमारा शहर’ बघा, झोपड्या तोडण्यावरची. त्यात एक बाई कॅमेऱ्यालाच झापते, तुम्ही आमचे फोटो काढून न्याल, नाव तुमचं होईल, आमचं काय? पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही. फिल्ममध्ये ठेवला. मावशींचा प्रश्न तोच होता, फक्त त्यांनी तो प्रेमाने विचारला होता. आणि आम्ही तो ‘बिहाइंड द सीन्स’ म्हणून कापला.

कॅमेरा माहीत असलेली वस्ती

आणखी एक गोष्ट. आपण अशा वस्तीत जातो तेव्हा मनात कुठेतरी असतं, की आपण यांचं ‘म्हणणं मांडायला’ आलोय, हे खूश होतील. मच्छीमार नगराला कॅमेऱ्याचं कौतुक आपण शिकवायची गरज नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी रबरी होडीतून उतरले ते इथेच, बधवार पार्कच्या किनाऱ्यावर. त्यांना उतरताना पहिल्यांदा बघितलं ते इथल्या कोळ्यांनी, तुम्ही कोण, असं हटकलंही त्यांनीच. त्यानंतर जगभरचे कॅमेरे या गल्ल्यांमधून फिरले. दर नोव्हेंबरला या किनाऱ्याचं नाव बातम्यांमध्ये येतं. माइक पुढे आला की काय बोलायचं असतं, हे इथल्या माणसांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एका आजोबांनी मला परवा सरळ विचारलं, ‘‘हल्ल्याचं पायजे का मासळीचं?’’ आम्हाला कुठली बाईट हवी ते विचारत होते.

खरं तर मावशींनी आम्हाला तेव्हा कितीतरी सांगितलं होतं. डिझेलचं, बर्फाचं, जाळी ठेवायला जागा नाही त्याचं, मासळीचा भाव बाजारात काय आणि हातात काय त्याचं. आम्हाला ते ‘न्यूज’ वाटलं, ‘सिनेमॅटिक’ नाही. मग सगळं कापलं आणि ‘समुद्र आमची आई’ एवढं वाक्य ठेवलं. ते वाक्य खोटं नाही. पण चाळीस मिनिटांच्या बोलण्यातलं तेवढंच ठेवणं, हे मात्र खोटं आहे.

‘पण...’

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. मीही तेच म्हटलं असतं.

वेळ कुठे आहे? सेमिस्टरमध्ये सहा विषय, इंटर्नल, प्रेझेंटेशन, त्यात शूट. मान्य. म्हणूनच म्हणतेय, हे आपल्या इच्छेवर नको, टाइमटेबलमध्ये हवं. ‘रफ कट’ सरांना दाखवायची तारीख असते ना? तशीच ‘रफ कट वस्तीत दाखवायची’ तारीख. शंभर मार्कांच्या प्रोजेक्टमध्ये त्याला दहा मार्क द्या. बघा कसा वेळ निघतो.

त्यांनी सांगितलं म्हणून फिल्म बदलायची? मग दिग्दर्शक कोण? दिग्दर्शक तुम्हीच. फोगोमध्ये लोकांना काप म्हणायचा अधिकार होता, इतकं लांब जायची गरज सगळ्यांना नाही. पण तथ्याची चूक आणि मताचा फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘बंदी होती तेव्हा’ ही तथ्याची दुरुस्ती आहे, ती केलीच पाहिजे. ‘माझी साडी बरी दिसत नाही’ यावर बोलता येईल. ‘दारूच्या प्रश्नावर बोलू नका’ असं कोणी म्हणालं, तर ऐकून घ्या, विचार करा, आणि मग निर्णय तुमचा. ऐकणं म्हणजे माघार घेणं नव्हे.

मग उद्या बिल्डरवर फिल्म केली तर त्यालाही आधी दाखवायची का? नाही. हा नियम सगळ्यांना सारखा लावायचा नाही. ज्याच्याकडे वकील आहे, पीआर आहे, स्वतःचं म्हणणं मांडायला दहा जागा आहेत, त्याचं उत्तर घ्या, बाजू घ्या, बस. ज्याचं म्हणणं फक्त तुमच्या फिल्ममध्येच येणार आहे, त्याला दाखवा. पत्रकारितेत हा फरक शिकवतात, फिल्मच्या वर्गातही शिकवावा.

आणि कॉलेजांना एक सांगणं आहे. तुम्ही कॅमेरे घेता, लाइट्स घेता, मोठमोठ्या एडिट लॅबचं उद्घाटन करता. त्या खर्चात चार हार्ड डिस्क घ्या. प्रत्येक बॅचचं रॉ फुटेज, कुठे, कधी, कोणाचं, एवढं लिहून लायब्ररीत ठेवा. दहा वर्षांत कुठल्याही म्युझियमकडे नसेल असा मुंबईचा संग्रह तुमच्याकडे तयार होईल. या शहरात सिनेमाची सुरुवातच अशी झाली होती. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत टिपलं. आपल्या शहरातली माणसं टिपायची आणि शहरालाच दाखवायची. १९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तोही गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये, जिथल्या माणसांसाठी केला त्यांच्यासमोर. परदेशी महोत्सव ही नंतरची गोष्ट.

शूटला निघण्याआधी

- कॅलेंडर बघा. मच्छीमारांकडे जाणार असाल तर बंदीचे दोन महिने, नारळी पौर्णिमा, भरती-ओहोटी. तुमचं सेमिस्टर हे त्यांचं कॅलेंडर नाही.
- पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच ठेवा. चहा प्या, बसा, ऐका.
- संमतीचा फॉर्म मराठीत किंवा हिंदीत करा आणि वाचून दाखवा. इंग्रजी कागदावर घेतलेली सही ही संमती नसते.
- फिल्म कुठे दाखवणार, यूट्यूबवर टाकणार का, हे आधी सांगा. नंतर ‘नको’ म्हणायचा हक्क त्यांना आहे, हेही सांगा.
- रफ कट घेऊन परत जा. प्रोजेक्टर कॉलेजचा, चादर वस्तीतली. वेळ त्यांना विचारून ठरवा. पहाटे मासळीच्या लिलावाला जाणाऱ्या बाईला रात्री दहाचा शो चालत नाही.
- ज्यांच्याशी बोललात त्यांची पूर्ण, न कापलेली क्लिप त्यांना द्या. लिंक नको, फाइल द्या, त्यांच्या फोनमध्ये वाजते की नाही ते तिथेच बघा.

अडतीस सेकंद

बाबांच्या आवाजाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही पाचही जणांनी जुने लॅपटॉप, पेनड्राइव्ह, मेल सगळं उपसलं. अर्ध्या तासाचं बोलणं काही मिळालं नाही. जी मुलगी साउंड बघत होती तिच्या जुन्या फोनमध्ये एक फाइल सापडली. माइक लावल्यावर लेव्हल बघायला आपण विचारतो ना, ‘काका, सकाळी काय खाल्लं?’ ती टेस्ट. अडतीस सेकंद. बाबा सांगतायत, चहा-चपाती खाल्ली, रात्रीचं कालवण होतं पण सुनेने वाढलं नाही, म्हणाली दुपारी खा. मागे मावशी हसताना ऐकू येतात.

ती फाइल मी मावशींना नेऊन दिली. त्यांनी चार वेळा ऐकली. मग मुलाला हाक मारून म्हणाल्या, ‘‘ये, आजाचा आवाज ऐक.’’ मला त्या काहीच बोलल्या नाहीत, चहा मात्र दिला. यूट्यूबवरची फिल्म आम्ही काढून टाकली आहे. बंदीची चूक दुरुस्त करून, वर्सोव्याचे शॉट्स काढून, बासरी काढून ती पुन्हा करायची आहे. यावेळी पहिला शो कुठे असेल, ते वेगळं सांगायला नको. तारीख मावशी ठरवणार आहेत.

तुमचं पुढचं सबमिशन जवळ आलंच असेल. ग्रुपवर डेडलाइन पडली असेल, कोणी कॅमेरा बुक केला असेल, कोणी लोकेशन शोधत असेल. त्या तारखेच्या आधी आठ दिवस, आत्ताच, अजून एक तारीख लिहून ठेवा. कोणाच्या तरी ओट्यावर बसून फिल्म दाखवायची तारीख. चुका निघतील, हसतील, कदाचित ओरडतीलही. निघू देत. व्हायवात ज्या चुका कोणालाच सापडणार नाहीत, त्या तिथे सापडतील.